लिंपलेली फांदी

एका जंगलात ओढ्याच्या काठावर बेहड्याचे एक भलेमोठे जुने झाड होते, आणि त्या झाडावर एक खार राहत असे. ही खार अतिशय भित्री होती. वाळलेले पान गळून खाली पडले तरी ती दचके. वारा जरा जोरात सुटला की शेपटी फुलवून 'चिर्र चिर्र' असा गिल्ला करत ती खोडाला वळसा घालून पलीकडे जाऊन लपे. मग सगळे झाड जागे होई, पिल्ले रडू लागत, आणि शेवटी कळे, की नुसते फळ पडले होते. झोपायची फांदीसुद्धा ती आधी दातांनी कुरतडून बघे. आत पांढरे ताजे लाकूड दिसले तरच तिथे अंग टाके. "खारूबाई, एक दिवस स्वतःच्याच शेपटीला घाबरून पडाल," असे सरडा तिला नेहमी म्हणे आणि सगळे हसत. खारही हसे. आपण हसलो नाही तर हे आणखी हसतील, याचीही तिला भीती वाटे.

एवढ्या मोठ्या झाडावर बिऱ्हाडे पुष्कळ होती. साळुंक्या होत्या, पोपट होते, सुतारपक्षी होता, वरती शेंड्याला वानरांची टोळी होती. इतक्यांचा संसार एका खोडावर म्हटल्यावर झाडाकडे कोणीतरी लक्ष द्यायला हवे. म्हणून एक देखभाल मंडळ नेमलेले होते आणि धनेश पक्षी त्या मंडळाचा अध्यक्ष होता. तो अध्यक्ष कसा झाला, तेही ऐका. धनेशाच्या जातीत एक रीत आहे. अंडी घालायची वेळ आली की मादी झाडाच्या ढोलीत जाऊन बसते आणि ढोलीचे तोंड चिखलाने लिंपून बंद करतात. चोच बाहेर निघेल एवढीच एक फट ठेवतात. आत असताना मादीची पिसे झडतात, तिला उडता येत नाही. नर बाहेरून फळे आणतो आणि त्या फटीतून तिला भरवतो. पिल्ले मोठी झाली की ती चोचीने भिंत फोडून बाहेर येते. तेव्हा लिंपण्याच्या कामात धनेशाचा हात धरणारा जंगलात कोणी नव्हता. ज्याला असे लिंपता येते त्याला झाड सांभाळता येणारच, असे सगळ्यांना वाटले आणि कारभार त्याच्याकडे गेला.

धनेश कामाचा होता, हे खोटे नाही. झाडाला कुठे भेग दिसली की तो ओढ्यावरून चिखल आणी, त्यात फळांचा गर मिसळी आणि संध्याकाळच्या आत भेग बुजवून टाकी. वरून चोच फिरवून तो ती जागा अशी गुळगुळीत करी, की भेग कुठे होती ते शोधूनही सापडू नये. पाहुणे पक्षी येत आणि म्हणत, की तुमचे झाड अगदी नव्यासारखे दिसते. मग धनेशाची मान ताठ होई आणि मंडळाचा चिटणीस असलेला सरडा शेजारी बसून मान हलवी. सरड्याला मान हलवण्याशिवाय दुसरे काम नव्हते, पण ते तो मन लावून करी. मंडळाने एकच कडक नियम केला होता. खोडावर टोच मारायची नाही. टोच मारली की लिंपण सुटते आणि झाड विद्रूप दिसते. त्यामुळे सुतारपक्ष्याला आपल्या पोटासाठी ओढ्यापलीकडच्या ऐनाच्या झाडावर जावे लागे.

त्या वर्षी धनेशाची बायको पूर्वेकडच्या मोठ्या फांदीत बसली होती. फांदी जिथून फुटते तिथेच, अगदी खोडालगत, एक ऐसपैस ढोली होती. आत दोन पिल्ले नुकतीच अंड्यातून बाहेर आलेली होती. धनेश फळे आणायला गेला की दुपारी खार हळूच त्या फटीपाशी येऊन बसे. आत कोंडून बसलेल्या वहिनींना बाहेरच्या गोष्टी सांगायला तिच्याशिवाय कोणी नव्हते, आणि खारीचे बोलणे न हसता ऐकणारेही झाडावर दुसरे कोणी नव्हते. वहिनी विचारीत, की आज कशाला घाबरलीस. खार खरे सांगे. वहिनी म्हणत, "बरं झालं पळालीस. खरंच साप असता तर?" एवढ्या एका वाक्याने खारीचा जीव थाऱ्यावर येई.

एके दुपारी बोलता बोलता खारीने पुढचे पाऊल फटीच्या खालच्या लिंपणावर टेकले. लिंपण खपली निघावी तसे निघाले. खारीचा पाय आत गेला, आणि जातच राहिला, पार खांद्यापर्यंत. आत लाकूड नव्हते. आत ओलसर भुसा होता आणि त्या भुशात काहीतरी वळवळत होते. तिने पाय ओढून काढला तर त्याला पांढरी वाळवी चिकटलेली. मग काय विचारता. तिने असा गिल्ला केला, की शेंड्यावरची वानरेही खाली बघू लागली.

पण साळुंक्या आपल्या पिल्लांना पंखाखाली घेऊन, सरड्याला उठवून तिथे पोहोचेपर्यंत धनेश परतला होता. बायकोच्या ढोलीला भोक पडलेले पाहताच त्याने आधी ते बुजवले. ओला चिखल, वर गर, वरून चोच. सगळे आले तेव्हा तिथे एक सुंदर गुळगुळीत भिंत होती.

"कुठे आहे भोक?" सरड्याने विचारले.

खार म्हणाली, की आत्ता होते, इथेच होते, आत सगळे पोकळ आहे, वाळवीने पोखरले आहे. सरड्याने सगळ्यांकडे पाहिले आणि मान हलवली. "काल फळ पडलं तेव्हा बिबट्या आला होता. आज वाळवी आली आहे. उद्या काय येणार, खारूबाई, ते आजच सांगून ठेवा, म्हणजे आम्ही झोपून घेऊ." साळुंक्या हसल्या. धनेश हसला नाही. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, की हे झाड त्याच्या हाताखालचे आहे, त्याची स्वतःची बायको-पोरे याच फांदीत आहेत. फांदी कच्ची असती तर त्याने त्यांना इथे ठेवले असते का? सगळे पांगले.

ते पांगल्यावर खार फटीशी गेली. आतून वहिनी अगदी हळू बोलल्या. "तू म्हणतेस ते खरं आहे गं. मला आतून ऐकू येतं. दिवसरात्र करकर चालू असते. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, आत बसून बसून तुझे कान वाजायला लागलेत."

"मग तुम्ही भिंत फोडून बाहेर या ना, वहिनी."

"पंखांत पीस नाही. पोरांच्या अंगावर लव नाही. बाहेर येऊन बसू कुठे? आणि अध्यक्षांच्या बायकोनंच त्यांची भिंत फोडली, तर ह्यांनी चारचौघांत तोंड दाखवायचं कसं?" मग त्या म्हणाल्या, "मंडळाकडून एकदा ठोकून बघायला लाव. सुतारदादांनी दोन टोचा मारल्या की कळेल. तोवर मी आहे इथे. जाणार कुठे?"

त्या रात्री खारीला झोप आली नाही. पळून जाणे सोपे होते. पलीकडे ऐन होता, त्याचे लाकूड तिने कुरतडून पाहिलेले होते, चार उड्यांत ती तिकडे पोहोचली असती. पण डोळे मिटले की तिला आपला पाय भुशात जाताना दिसे आणि त्या भुशाच्या वर, हातभर अंतरावर, दोन उघडी पिल्ले दिसत.

सकाळी ती धनेशाकडे गेली आणि टोच मारण्याची परवानगी मागितली. धनेश म्हणाला, की नियम मंडळाचा आहे, तो एकट्याने कसा मोडणार? आता पालवी फुटली की वार्षिक सभा आहे, त्या सभेत अध्यक्षाची निवड आहे. नव्या अध्यक्षाला काय बदलायचे ते त्याने बदलावे. हे तो अगदी सहज म्हणाला, कारण दर वर्षी सभा होई आणि दर वर्षी धनेशासमोर कोणीही उभे राहत नसे.

खार सगळ्यांच्या दारी फिरली. सुतारपक्षी म्हणाला, "मी उभा राहिलो तर म्हणतील, याला खोड फोडून किडे खायचेत म्हणून आलाय. माझं नाव यात नको." साळुंकीने पिल्लाच्या तोंडात किडा कोंबता कोंबता सांगितले, की तिला श्वास घ्यायला फुरसत नाही, आणि शेजाऱ्यांशी कशाला वाईटपणा घ्या. खार वर शेंड्याला गेली. टोळीतली थोरली वानरीण उवा वेचत बसली होती. ती म्हणाली, "आम्ही काय, पोरी, आज या झाडावर, उद्या त्या झाडावर. तुमच्या मंडळात आम्ही पडत नाही. पण तुला एवढं कळतंय तर तूच का उभी राहत नाहीस?"

खारीला वाटले, मावशी थट्टा करते आहे. मग तिला कळले, की ती थट्टा करत नाही; आणि ते जास्त भीतीचे होते.

खारीने नाव दिले तेव्हा सरडा इतका हसला, की त्याचा रंग बदलला. धनेश मात्र हसला नाही. इतक्या वर्षांत त्याच्यासमोर कोणी उभे राहिले नव्हते, आणि जी राहिली ती खार. हे त्याच्या मनाला लागले. नुसते जिंकून भागणार नव्हते. एकही मत तिकडे जाता कामा नये, असे त्याने ठरवले. तो स्वतः घरोघर हिंडला. शेंड्यावर जाऊन वानरांना त्याने सांगितले, की यंदा ओढ्याकाठच्या वडाला फळ धरले की पहिला मान तुमचा. सभेला मात्र सगळ्या टोळीने यायचे. फुकटच्या फळाला वानरे नाही कशाला म्हणतील?

आता त्या झाडावर मत कसे देत, ते सांगायला हवे, कारण सगळा घोटाळा तिथेच झाला. तिथे हात वर करायची पद्धत नव्हती. अध्यक्षाची ती पूर्वेची मोठी फांदी आणि समोरच्याची पश्चिमेची फांदी. ज्याला मत द्यायचे त्याच्या फांदीवर जाऊन बसायचे, आणि सरड्याची मोजणी संपेपर्यंत उठायचे नाही. धनेशासमोर कोणी नसायचेच, त्यामुळे इतकी वर्षे मत द्यायला फारसे कोणी येतच नसे. चार साळुंक्या आणि दोन पोपट पूर्वेच्या फांदीवर टेकत, सरडा मान हलवी, की झाली निवड.

सभेच्या सकाळी खार पश्चिमेच्या फांदीवर एकटी बसली होती. फांदी धनेशाच्या फांदीपेक्षा बारीक होती, पण तिने ती टोकापर्यंत कुरतडून पाहिली होती आणि प्रत्येक ठिकाणी लाकूड पांढरे निघाले होते. तिने जे बोलायचे ठरवले होते ते बोलून झाले. आवाज चिरकला, मधले एक वाक्य ती विसरली, पण बोलली. फांदी पोखरली आहे, एकदा टोच मारून बघा, एवढेच तिचे म्हणणे होते. मग धनेश बोलला. झाड किती छान दिसते, पाहुणे काय म्हणतात, घाबरणाऱ्याच्या हाती कारभार दिला तर रोज दुपारची झोप मोडेल. सगळे हसले. सरड्याने सांगितले, आता बसून घ्या.

आणि ते बसू लागले. पोपट बसले. साळुंक्या आपल्या पिल्लांसकट बसल्या. कधी न येणारी कबुतरे आली आणि ओळीने बसली. मग शेंड्यावरून वानरे उतरली. एक, आणखी एक, छातीशी पोर धरलेल्या माद्या, जाडजूड नर, सगळी टोळी पूर्वेच्या फांदीवर येऊन टेकली. आणि सगळ्यांच्या पुढे, टोकाला, धनेश मान ताठ करून बसला.

खार ते बघत राहिली. आधी तिला नुसते वाईट वाटले, की एकही मत नाही. मग तिची नजर फांदीच्या बुडाकडे गेली. ढोलीच्या खाली, लिंपणाच्या कडेने, पिवळसर भुकटी गळत होती. उन्हाच्या तिरिपेत ती बारीक धार स्पष्ट दिसत होती. कालपर्यंत ती नव्हती.

मुलांनो, त्या क्षणी खारीला काय कळले, ते तुम्हाला समजले असेल. ती उभी राहिली नसती तर धनेश घरोघर फिरला नसता. धनेश फिरला नसता तर एवढे ओझे त्या फांदीवर कधीच बसले नसते. वहिनींना वाचवायला म्हणून तिने जे केले, त्यानेच सगळे झाड वहिनींच्या ढोलीवर आणून बसवले होते.

तिची शेपटी फुलली. गळ्यात 'चिर्र' तयार झाले. आयुष्यभर असे झाले की ते आपोआप बाहेर पडे. पण या वेळी तिच्या डोळ्यांसमोर पुढचे सगळे आले. ती ओरडणार. सगळे दचकणार. वानरे उडी मारणार, आणि वानर उडी मारताना फांदीला आधी लाथ मारते. इतक्या सगळ्यांची ती एक लाथ, आणि फांदी मोडणार. उडणारे उडून जातील. आत बसलेल्यांचे काय?

खारीने तो आवाज गिळला. ती खोडावरून हळूहळू पलीकडे गेली. पूर्वेच्या फांदीवर पाऊल ठेवायच्या आधी ती थांबली. तिचे वजन ते कितीसे, पण तेवढेही तिला ठेववेना. ती खोडालाच चिकटून राहिली. सगळ्यांत जवळ थोरली वानरीण बसली होती. खार तिच्या कानाशी गेली.

"मावशी," ती म्हणाली, "उडी मारू नका. पोराला छातीशी धरा आणि खोडावर या. चालत या."

वानरिणीने तिच्याकडे पाहिले. खारीची शेपटी फुललेली होती, डोळे मोठे झाले होते, आणि ती ओरडत नव्हती. पान पडले तरी झाड डोक्यावर घेणारी ही पोर आज कुजबुजते आहे, हे पाहून त्या म्हातारीच्या पाठीवरचे केस उभे राहिले. तिने काही विचारले नाही. एक हात खोडाला लावला आणि पाय न झाडता ती अलगद खोडावर सरकली. मग तिने मागे वळून टोळीकडे नुसते एकदा पाहिले. वानरांच्या टोळीत तेवढे पुरते. दुसरी मादी उठली, मग तिसरी. एकामागून एक, चालत.

इकडे सरडा मोजत होता आणि मोजणी चुकू लागली. त्याने मान हलवायचे थांबवले. टोकावरून धनेशाने हे पाहिले आणि त्याला वाटले, की खार मतदार पळवते आहे. त्याने पंख अर्धवट उघडले. "बसा," तो म्हणाला. "मोजणी संपेपर्यंत उठायचं नाही. नियम आहे." उठू पाहणारे नर वानर पुन्हा बसले. फांदी किंचित हलली. भुकटीची धार जाड झाली. धनेशाने रागाने पुढे एक उडी घेतली, आणि त्या उडीसरशी आत कुठेतरी खोलवर 'कट्' असा बारीक आवाज झाला. तो खारीने ऐकला. बाहेर दुसऱ्या कोणी ऐकला नाही.

आत मात्र कोणीतरी ऐकला. ढोलीच्या भिंतीवर आतून ठोका पडला. एक, मग दुसरा. वाळलेल्या लिंपणाचा एक तुकडा निखळून खाली ओढ्यात पडला. त्या भगदाडातून धनेशाच्या बायकोची चोच बाहेर आली, आणि मग डोके. पिसे झडलेली, उन्हाने डोळे मिचकावणारी. असल्या सभेत ढोलीतल्या मादीने बोलायची रीत नव्हती. सगळे बघतच राहिले.

"अहो," ती म्हणाली, आणि तिचा आवाज अगदी साधा होता, घरात बोलावे तसा. "जागचे हलू नका. फांदी तुटते आहे. मी रोज ऐकत होते, आज तुम्हीही ऐका."

सगळे गप्प झाले. इतके गप्प, की ती करकर सगळ्यांना ऐकू आली. धनेशालाही.

"माझंही मत आहे ना?" ती म्हणाली. "ते तिकडच्या फांदीवर मोजा. आणि हिचं ऐका आता, ही सांगेल तसं उठा."

धनेशाने उघडलेले पंख मिटले. त्याने खारीकडे पाहिले, आणि त्या पाहण्यात अध्यक्ष उरला नव्हता. आत दोन पिल्ले असलेला एक बाप उरला होता.

मग खार एकेकाला सांगत गेली. आवाज न चढवता. आधी वानरे, खोडालगतची पहिल्यांदा. मग साळुंक्यांनी पिल्लांना एकेक करून पुढे ढकलले. कबुतरांना तिने सांगितले, की सगळ्यांनी एकदम उडायचे नाही, टोकाकडच्याने आधी, पंख फडफडवायचे नाहीत, नुसते खाली झेपावायचे. कबुतरांना एकदम उडायचीच सवय. त्यांतली दोन चुकली, फांदी खाली वाकली. ती पुन्हा वर आली, पण आधी होती तितकी नाही. सगळ्यांत शेवटी धनेश उरला. त्याला हलायची भीती वाटत होती. खार म्हणाली, "धनेशराव, आता तुम्ही. नुसतं सोडून द्या स्वतःला." आणि त्याने पाय सोडले.

तोवर थोरली वानरीण खोडाला एका हाताने लोंबकळून ढोलीपाशी आली होती. उरलेले लिंपण तिने बोटांनी उकलले. एक पिल्लू काढून तिने छातीशी धरले, दुसरे आपल्या लेकीच्या हातात दिले. मग धनेशाची बायको उघड्या पंखांनी बाहेर सरकली आणि खोडाची साल चोचीत धरून पश्चिमेच्या बाजूला सरकू लागली. तिची शेपटी ढोलीतून बाहेर पडली आणि फांदी गेली. मोठा आवाजसुद्धा झाला नाही. ओला भाकरीचा तुकडा तुटावा तशी ती मोडली आणि खाली ओढ्यात आडवी झाली. तिच्या मोडलेल्या तोंडात लाकूड असे नव्हतेच. लिंपणाचे थर होते, एकावर एक, कितीतरी वर्षांचे, आणि मध्ये भुसा.

तेव्हा कुठे खारीच्या गळ्यातून ते गिळलेले 'चिर्र' बाहेर पडले. ती बराच वेळ ओरडत राहिली. कोणी हसले नाही.

सगळे झाड पश्चिमेच्या फांदीवर आणि तिच्या आसपास दाटीने बसले होते. सरड्याने आजूबाजूला पाहिले. चिटणीसाचे काम म्हणून त्याने मोजायला घेतले, आणि मग थांबून म्हणाला, की पूर्वेकडे फांदीच नाही, तेव्हा सगळी मते खारीला. एवढे सांगून तो मान हलवू लागला.

खार अध्यक्ष झाली. तिचे पहिले काम सगळ्या झाडाचे लिंपण खरवडून काढण्याचे होते. काही दिवस झाड फार वाईट दिसले. पाहुणे आले आणि काही न बोलता गेले. सुतारपक्षी दर सकाळी टोच मारून फिरू लागला. जिथे आवाज भरीव येई तिथली भेग बुजवायचे काम खारीने धनेशाकडेच दिले, कारण लिंपण्यात त्याचा हात धरणारा खरोखरच कोणी नव्हता. त्यानेही ते मुकाट्याने घेतले. बायकोसाठी पश्चिमेच्या फांदीजवळची जुनी ढोली निवडली तेव्हा तो लिंपायला चिखल घेऊन आला, पण चिखल लावण्याआधी थांबला. "आतून काही ऐकू येतंय का, ते आधी सांग," तो बायकोला म्हणाला. ती बराच वेळ कान देऊन बसली आणि मग नाही म्हणाली. त्यानंतरच त्याने पहिला गोळा लावला.

खार काही शूर झाली नाही. पान पडले की ती अजूनही दचकते, शेपटी फुलवते, खोडाला वळसा घालून पलीकडे लपते. फरक एवढाच झाला आहे, की पूर्वी झाडावर कोणीतरी म्हणे, "घाबरली पुन्हा." आता कोणीतरी विचारते, "कुठे गं?" आणि बघायला जाते.

तात्पर्य : भेग लिंपून घर टिकत नाही, ती उघडून पाहावी लागते, आणि भेग दाखवणाऱ्याचा आवाज आपल्याला कितीही कर्कश वाटला, तरी हसण्यापूर्वी एकदा तिकडे पाहून यावे.